तिरक्या, जाड स्लॅब सेरिफविषयी थोडी भर

सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या रेघांच्या टोकाला असलेली छोटी आडवी रेघ; ती जाड आणि चौकोनी असली की त्या टंकाला स्लॅब सेरिफ म्हणतात. जाड आणि तिरका स्लॅब सेरिफ खेळाडूंच्या जर्सीपुरताच शोभतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. जोर आणि वेग दाखवायला तो उत्तम आहेच. परंतु याच घराण्यातला १८४५ चा लंडनचा क्लॅरेंडन हा टंक शब्दकोशातील नोंदीचा शब्द ठळक दिसावा म्हणूनही वापरला जाई. शिवाय स्लॅब सेरिफचा एक व्यावहारिक गुण या मतात धरलेला नाही. बेळगावात टेम्पोच्या काचेवर रेडियमची अक्षरे लावताना नीट पाहावे: बारीक सेरिफची टोके वरचा कागद सोलताना त्याच्याबरोबर उचलली जातात, स्लॅबची चौकोनी, रुंद टोके मात्र काचेला धरून राहतात.

रोमन अक्षरांबरोबर देवनागरीही तेवढीच तिरकी करावी, अशीही सूचना केली जाते; ती मला मान्य नाही. संगणकावर नुसते कलते केले की शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे झुकतात, आणि जाड ठशात आधीच चिंचोळी झालेली ‘क्ष’मधली पोकळी आणखी आवळते. आमच्याकडच्या तीन लिप्यांच्या फलकावर (कन्नड ओळ वर असतेच) मी रोमन ओळ तेवढी तिरकी ठेवतो आणि कन्नड व मराठी त्याच जाडीत, पण सरळ घेतो.