युद्धात होरपळणाऱ्या परदेशातल्या मुलांसाठी आपण मोहिमेत उतरावं का?

मुक्ता:
आम्ही वीस-पंचवीस जण मिळून सुदानमधल्या मुलांसाठी मदत गोळा करतोय. कपडे, खेळणी, औषधं, थोडे पैसे. दोघांनी तर अनाथ मूल दत्तक घ्यायची तयारी दाखवली आहे. काल एकाने तोंडावर विचारलं, "तुमच्या चार पिशव्यांनी युद्ध थांबणार आहे का?" नाही थांबणार, हे मलाही कळतं. पण एप्रिल २०२३ पासून ही मुलं घरदार, शाळा सोडून पळताहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम सुदानच्या दारफुर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत भूकबळींचा दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे सांगावं लागलं. आपण नुसतं हळहळत बसायचं? माझ्या मते ज्याला जमेल त्याने उतरावं.

अनिरुद्ध:
मुक्ताताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, तरी मी विरोधात आहे. दत्तकाचं वाचून तर काळजीच वाटली. एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन शत्रूच्या हाती पडायच्या बेतात असताना अमेरिकेने तिथली मुलं विमानाने हलवली. ४ तारखेचं पहिलंच विमान कोसळलं आणि ७८ मुलं गेली. पुढे कळलं की नेलेल्यांतली बरीच अनाथ नव्हतीच. २००७ मध्ये एक फ्रेंच संस्था सुदानशेजारच्या चाडमधून १०३ मुलं 'दारफुरचे अनाथ' म्हणून नेताना पकडली गेली. बहुतेक मुलं चाडमधलीच होती, आई किंवा बाप हयात असलेली. लोक हळवेच होते हो, पण त्या मुलांच्या आयांना कुणी विचारलं?

शुभदा:
दत्तकाबद्दल अनिरुद्धशी शंभर टक्के सहमत. कपड्यांबद्दलही सांगते. अशाच एका मोहिमेत मी दोन दिवस सामान निवडायला बसले होते. एका खोक्यात उंच टाचांचे सँडल, अर्धी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तळाशी, घडी करून, लहान बाळाचं नवंकोरं झबलं. ते झबलं हातात घेऊन मी किती वेळ बसले होते. देणाऱ्याने मनापासून दिलं होतं. पण सगळं पाठवायचा खर्च सामानाच्या किमतीच्या वर गेला.

म्हणून मोहीम बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. ही पट्टी आईलाही वापरता येते. मग शेंगदाण्याच्या पेस्टची ९२ ग्रॅमची पाकिटं सुरू करतात. एका पाकिटात साधारण ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको. सहा-आठ आठवड्यांत बहुतेक मुलं सावरतात. आपले पैसे इथे जाऊ देत. शिवाय सुदानमध्ये तिथल्याच तरुणांचे मदतगट आहेत, ते वस्त्यांमधून सामूहिक स्वयंपाकघरं चालवतात. काय हवंय ते त्यांना विचारा.

अनिरुद्ध:
पैशांनाही दुसरी बाजू आहे. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) ज्या धावपट्टीवर रात्री दुधाची पावडर उतरायची, तिथेच शस्त्रंही उतरायची. मदतीमुळे युद्ध लांबलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. युद्ध राजकारण्यांनी लावलंय, तर दबाव त्यांच्यावर हवा.

केदार:
मदत किंवा दबाव, अशी निवड कशाला? पहिलं महायुद्ध संपल्यावरही ब्रिटनने नाकेबंदी उठवली नव्हती. ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपाशी मरत होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या ब्रिटिश समाजसेविकेने भुकेल्या बाळाचा फोटो असलेली पत्रकं लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली. शत्रूची मुलं म्हणून लोक चिडले. तिला अटक झाली, ५ पौंड दंड झाला, आणि सरकारी वकिलानेच तेवढी रक्कम तिच्या हातात ठेवली. त्याच वर्षी तिची 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांना मदत करणारी संस्था उभी राहिली. तिने नाकेबंदी उठवायची मागणीही केली आणि दूधही पोचवलं. भूसुरुंगविरोधी मोहीम १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरू केली, डिसेंबर १९९७ मध्ये १२२ देशांनी सुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या.

अनिरुद्ध:
सुरुंगांचं उदाहरण मान्य, कारण तिथे नेमकी मागणी होती. मुक्ताताईंच्या आवाहनात मागणी कुठे आहे? ती नसेल तर मी अजूनही विरोधातच.

मुक्ता:
नाही, हे खरं आहे. आज आवाहन बदलते. कपडे, खेळणी, औषधं घेणं बंद, फक्त पैसे. 'अन्नाच्या गाड्या कुणीही अडवू नयेत' ही मागणी सगळ्यात वर घालते आणि त्याखाली सह्या घेऊ. शुभदाताई, त्या मदतगटांपर्यंत पोचायचं कसं, हे मला समजावून सांगाल का? दत्तकाचं म्हणणाऱ्या त्या दोघांशी मी संध्याकाळी बोलते.