मदत हवी आहे: बाबांची आरएक्स १०० मूळ रूपात आणू, मॉडिफाय करू की आहे तशी चालवू?

परळकर:
बाबांच्या नावावरची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० आता माझ्याकडे आली आहे. चाळीच्या जिन्याखाली बरीच वर्षं उभी होती. नंबर एमएच-०१, आरसीची मुदत २०१७ लाच संपली. किक खाली जाते, इंजिन जाम नाही. टाकीत गंज, सायलेन्सर खालून सडलेला. रंग मूळचा, पण टाकीला एक पोचा. एक मेकॅनिक म्हणतो, आरएक्स १३५ चा मोठा ब्लॉक (सिलिंडर) टाकून पोर्टिंग करून घ्या, म्हणजे सिलिंडरमधली वायूची भोकं (पोर्ट) मोठी करून घ्या. दुसऱ्याला सगळी उघडून नव्यासारखी करायची आहे. वापर रविवार सकाळ आणि अधूनमधून ऑफिस. सुरुवात कुठून करू? आणि इतकी जुनी गाडी मुंबईत चालते का?

आरटीओ_फेरी:
चालते. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली-एनसीआरची. व्हॉट्सअॅपवर ती मुंबईच्या नावाने फिरत असते. व्हिंटेज गाड्यांच्या खास 'व्हीए' नंबरच्या भानगडीतही पडू नका, त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि तशी गाडी रोज चालवता येत नाही.

एक पैसा खर्च करण्याआधी कागद. ताडदेव आरटीओत वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१: मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, आई-भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. नूतनीकरणाला फॉर्म २५, ते पाच वर्षांचं मिळतं. सोबत पर्यावरण कर आहेच. नंबर आधी सरकारच्या वाहन पोर्टलवर तपासा. जुनी नोंद तिथे नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) करून घ्यावी लागते, सगळ्यात जास्त दिवस त्यातच जातात. एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरप्लेट) पाटीही लागेल. पीयूसीला घाबरू नका, मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालतं. आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक धड ट्यून केलेली असली की त्यात बसते. तपासणीला गाडी टेंपोतून न्या, विम्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

टूटी_तेल:
कागद फिरत असताना इंजिनाची अवस्था कळून घ्या. अजून किक मारू नका. प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल सोडा, रात्रभर ठेवा आणि मग किक हाताने हळू दाबा. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) तेलाचा साठा नसतो, त्यामुळे उभ्या गाडीच्या क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगला गंज धरतो. परळची हवा, चार महिने पाऊस, वेगळं सांगायला नको.

हेड आणि ब्लॉक उतरवा, चार नट आहेत. कनेक्टिंग रॉड सरळ वर धरून फक्त वर-खाली ओढा. जरा जरी 'टक' जाणवलं तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेला. आडवी थोडी हालचाल असतेच, ती दाखवून कोणी क्रँक गळ्यात मारत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा. क्रँक उघडला तर प्रेसने परत जोडल्यावर फिरवताना त्याचा डोल डायल गेजवर ०.०३ मिमीच्या आत दिसला पाहिजे. हातोडीने 'सरळ' करणाऱ्याकडे देऊ नका.

क्रँकची दोन्ही ऑइल सील न विचारता बदला, इतक्या वर्षांत रबर दगड होतं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढून पांढरा धूर येतो. डावीकडचं, मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही आणि एके दिवशी पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. धूर सगळ्यांना दिसतो, मारतं ते डावं.

लेथवर_भेटू:
१३५ चा ब्लॉक नको. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, १३५ चा ५८. तो बसवायला क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं, आणि १एल१ ने सुरू होणारा इंजिन नंबर त्याच केसवर आहे. केस बिघडली की दुसरी शोधाल, तिच्यावर नंबर दुसरा. मग आरटीओत उत्तर द्या. विनापरवाना बदलाला दंडही आहे, प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत. रिकामा केलेला सायलेन्सर तर मुंबईत पोलीस रोलरखाली घालतात.

स्वतःचाच ब्लॉक बोअर करा. आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक त्याच्या मापाने कापून घ्या. पहिला ओव्हरसाइज (मूळपेक्षा मोठा) पिस्टन ०.२५ मिमीचा, नंतर ०.५०, ०.७५, १.००. थेट १.०० सुचवणारा पुढची तीन बोअरिंग उडवतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा किंचित घासायला सांगाच. धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते.

परळकर:
रॉडला टक नाही. ब्लॉकला मात्र उभे ओरखडे आहेत. रंग आणि टाकीचं काय? ऑटोल्यूब पंप (इंजिनाला आपोआप तेल देणारा) काढून टाका असंही सांगतात.

टूटी_तेल:
मग ०.२५ चं बोअरिंग आणि सील, क्रँकला हात नको. पंप ठेवा. जुनं तेल काढा, नवं भरून ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हवा काढा. पंप तेल देतोय याची खात्री होईपर्यंत टाकीतही लिटरला ३० मिली टू-टी घाला. धूर येईल, येऊ द्या.

टाकीत पांढरा व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, मूठभर नट टाकून हलवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवून आतून टू-टी फिरवा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. पाइप आणि कॉकचे जुने वॉशर फुगतात, बदला. प्लग पांढराफटक दिसला तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा) एक पायरी मोठा.

लेथवर_भेटू:
मूळ रंग राखा. पोचा आतून रॉडने उचलणारे आहेत, लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या टाकीपेक्षा तो बरा. चेसिस पावडर कोटिंगला द्यायचीच असेल तर नंबरावर टेप लावायला लावा आणि आधी पेन्सिलने ठसा घेऊन ठेवा.

टायर ठीक दिसले तरी टाका (पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८), ब्रेक शूही, जुनं लायनिंग पत्र्यापासून सुटून ड्रममध्ये अडकतं. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात शोधा, पण पिस्टन आणि सील तिथले नकोत, ते ओळखीच्या दुकानातून सीलबंद घ्या. पहिले ५०० किमी अर्ध्या थ्रॉटलच्या आत. सी लिंक आणि कोस्टल रोडला दुचाकी तशीही घेत नाहीत, तेव्हा मोह होणार नाही.