मदत हवी आहे: रविवारच्या लाँग रनसाठी गावाकडचा रस्ता (बावधन-मुळशी बाजू)

बावधनचा_बावळट
मंडळी, जरा लवकर सांगा, येत्या रविवारीच लागणार आहे. आमच्या ग्रुपचा लाँग रन भूगाव-पिरंगुट रस्त्यावर असतो आणि तो रस्ता आता धावायच्या लायकीचा राहिलेला नाही. पहाटे साडेपाचलाच खडीचे डंपर सुरू, कडेची पट्टी खणलेली. स्ट्रावाच्या (धावण्याच्या नोंदी ठेवणारं ॲप) हीटमॅपवरून, म्हणजे लोक कुठून पळतात ते दाखवणाऱ्या नकाशावरून, लवळ्याच्या मागचा एक रस्ता काढला, तर मध्येच तारेचं कुंपण आणि प्लॉटिंगचा बोर्ड. दुसरा काढला तर आडवा ओढा. शांत, गावाकडचा, पाण्याची सोय असलेला रूट सुचवा. कृपया 'ॲपवर शोधा' सांगू नका, ते करून झालंय.

नकाशेवाला
किती किलोमीटर? डांबरी की कच्चा? किती जण? सगळे एका वेगाचे आहेत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हीटमॅपवर थर कोणता लावला होता? 'सगळे' ठेवलं तर सायकलवालेही त्यात येतात. फक्त 'रन' ठेवा. आणि एकच बारीक फिकट रेघ दिसली तर ती चार-दोन माणसांची असते, तीही कुंपण पडण्याआधीची. रेघ दिसली की तिथला उपग्रहनकाशा मोठा करून तीन गोष्टी बघायच्या: वाट कुठल्या आखीव चौकोनात शिरते का (म्हणजे प्लॉटिंग), ओढ्यावर पूल आहे की नुसती फरशी (पाणी आलं की बुडणारी), आणि दोन चाकोऱ्या दिसतात की एकच पायवाट. दोन चाकोऱ्या म्हणजे ट्रॅक्टर जातो, म्हणजे तिघं शेजारी-शेजारी पळू शकता.

बावधनचा_बावळट
१८ ते २२. डांबरी-कच्चा काहीही चालेल. चौदा-पंधरा जण, वेग सगळ्यांचा वेगळा.

कॅनॉल_काठ
खडकवासल्याचा उजवा कालवा! हडपसरच्या पुढे लोणी काळभोर, उरुळीपर्यंत कालव्याच्या कडेने सेवारस्ता आहे. चढ जवळजवळ शून्य, सावली आहे, हरवायची भीती नाही. पुण्यात राहून लोक मुळशीकडे का धावतात कळत नाही.

कच्चीवाट
@कॅनॉल_काठ, माणूस बावधनला राहतो. पळायला जायला पहाटे आख्खं शहर ओलांडायचं का? शिवाय आता पावसाळा आहे. सेवारस्त्यावर जिथे मुरूम संपून काळी माती लागते तिथे बुटाला पाव-पाव किलोचा गोळा चिकटतो. बुटाच्या तळाला चार मिलिमीटरची नक्षी असो की सहाची, काळ्या मातीपुढे सगळी सारखीच.

धागाकर्ते, तुमच्या बाजूने वारजे-उत्तमनगरवरून कोंढवे धावडे, पुढे कुडजे, मांडवी, सांगरूण बघा. खडकवासल्याच्या पाण्याच्या उत्तर अंगाचा रस्ता. डोणजे-पानशेत रस्त्यावरची पर्यटकांची गर्दी या बाजूला फारच कमी. चढ-उतार छोटे पण सतत. एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) हद्दीत आत शिरायचं नाही, फोटो नाही, ड्रोन तर नाहीच. गाडी कुडज्याला लावा, म्हणजे शहराकडचा वर्दळीचा तुकडा टळतो.

वेगवेगळ्या वेगाची माणसं असली की गोल रूट आखूच नका. जाऊन-येऊन करा आणि अंतराऐवजी वेळ धरा: सगळ्यांनी ६५ मिनिटं पुढे जायचं, शिट्टी वाजली की असाल तिथून मागे. सगळे साधारण एकाच वेळी गाडीपाशी येतात, मागे राहिलेल्यांसाठी कुणाला ताटकळावं लागत नाही. फक्त जाताना कोणी उगाच जोर लावायचा नाही.

सात_बारा
तुम्ही सगळे परदेशी ॲपांवर विसंबता. सरकारचं महाभूनकाशा हे संकेतस्थळ उघडा, गाव निवडा. गावनकाशावर तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्ग सव्वाआठ फूट. आणि वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

नकाशेवाला
साहेब, त्यांना रविवारी पळायचंय, जमीन कसायची नाही. १४३ शेतात जायला रस्ता नसलेल्या शेतकऱ्यासाठी आहे.

गावनकाशाची कल्पना मात्र चांगली. अडचण एवढीच की नकाशावरचा पायमार्ग जागेवर असेलच असं नाही. जुलैत त्यावर भाताची खाचरं भरलेली असतात आणि पंधरा जण रोपं तुडवत गेले की गावकरी हाकलणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. उंचसखलपणा बघायला सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची पत्रकं जास्त कामाची. पिरंगुट-पौड पत्रक क्रमांक ४७ एफ/१० वर, सिंहगड-खडकवासला ४७ एफ/१५ वर. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरला एक. रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजलं की चढ कळला.

अनवाणी
अनवाणी पळा. सगळे प्रश्न बुटांमुळे आहेत. गुडघेदुखीही जाईल.

कच्चीवाट
गुडघ्याचं कुणी विचारलंय का? पावसाळ्यात गवतात फुरसं, कडेला बाभळीचे काटे, त्यात अनवाणी. धन्य आहे.

घाटमाथा
एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. तयारी कशाची चालू आहे? मोकळी हवा खायला पळताय की पुढे शर्यत आहे?

बावधनचा_बावळट
सप्टेंबरला सातारा हिल हाफ मॅरेथॉन. निम्म्या ग्रुपची नोंदणी झाली आहे. सांगायचं राहिलं का?

घाटमाथा
राहिलं का म्हणे! आता कुडजे-सांगरूण बाजूला ठेवा, ते मधल्या आठवड्यांना. साताऱ्याला गाव संपलं की यवतेश्वराचा घाट लागतो, जायचं ते चढत आणि यायचं ते उतरत. तिथे लोक चढावर कमी आणि उतारावर जास्त मोडतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार झेलतात, सवय नसेल तर पंधराव्या किलोमीटरला पाय लाकडाचे होतात. त्यामुळे लांब चढ आणि तेवढाच लांब उतार सलग हवा.

तुमच्या जवळ सिंहगडाचा गाडीरस्ता आहे. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा टक्क्यांच्या वर. जाऊन-येऊन १८. सुरुवातीला डोणज्याकडे दीड किलोमीटर जाऊन परत आलात की २१ झाले आणि पायही गरम झाले. पहाटे सव्वापाचला सुरू करा. सूर्योदय सव्वासहाच्या आत-बाहेर असतो, तेव्हा पहिला तास हेडलाइट आणि मागे लाल दिवा हवाच. आठच्या आत खाली. त्यानंतर रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते.

पहिल्याच रविवारी पूर्ण उतार जोरात पळू नका. वरचे तीन किलोमीटर मोकळेपणाने पळा, बाकी आवरून, लहान पावलं. हा मोकळा टप्पा दर आठवड्याला दोन-दोन किलोमीटर वाढवा.

कॅनॉल_काठ
पावसात सिंहगडावर दरडी पडतात, घाट बंद ठेवतात. ज्याने तो रूट सुचवला त्याने हे सांगायला नको? त्यापेक्षा टेमघरचा घाट बरा.

घाटमाथा
टेमघरला काय दरडी पडत नाहीत? आणि तिथे लवासाला जाणाऱ्या गाड्या असतात, त्या वळणावर वेग कमी करत नाहीत. सिंहगड बंद आहे का हे शनिवारी संध्याकाळी वनविभागाच्या नाक्यावर विचारायचं. रात्रभर धो-धो पडला असेल तर घाट चालू असला तरी जायचं नाही, दगड पाऊस थांबल्यावरही सुटतात. अशा रविवारी कुडजे.

कच्चीवाट
बाकी धावायचं उजवीकडूनच, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे.

घाटमाथा
सरळ रस्त्यावर हो. घाटात डोळे मिटून हा नियम लावला तर मराल. रस्ता उजवीकडे वळत असेल तर तुम्ही वळणाच्या आतल्या अंगाला, कड्याला चिकटून असता आणि समोरच्या ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. अशा वळणाच्या पन्नास मीटर आधी डावीकडे जायचं, वळण संपलं की परत उजवीकडे. ओलांडताना मागे बघून. डोंगराच्या बाजूच्या गटारालगत थांबून गप्पा मारायच्या नाहीत, दगड तिथेच येतो.

कच्चीवाट
हे मान्य.

बावधनचा_बावळट
पाण्याचं काय? आणि घड्याळ चढ किती दाखवतंय त्यावर विश्वास ठेवायचा का? आमच्यात दोघांची घड्याळं एकाच रस्त्याला दीडशे मीटरचा फरक दाखवतात.

नकाशेवाला
घड्याळात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर कोरड्या दिवशी ते बरं. पावसात त्याची बारीक भोकं पाण्याने बुजतात आणि आकडा उड्या मारतो. सेन्सर नसेल तर उंची नकाशातून येते. नागमोडी घाटात जीपीएसची रेघ रस्ता सोडून उतारावर पडते आणि नसलेले चढ-उतार जमा होतात. म्हणून बहुतेक वेळा आकडा फुगलेला. ग्रुपसाठी एकच घड्याळ प्रमाण माना.

पाणी: तासाला ४०० ते ६०० मिली धरा, दमट हवेत तहान कमी लागते पण घाम तेवढाच जातो. ओआरएसचं मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं, ते एक लिटरसाठी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खं पाकीट ओतलं की मळमळ ठरलेली. गाडी पायथ्याशीच ठेवा, वर नेऊ नका. प्रत्येकाने अर्धा लिटर अंगावर न्यायचं, वर टपऱ्या उघडलेल्या असतील या भरवशावर नाही.

कॅनॉल_काठ
आणि कुत्री? त्यावर कोणी बोलतच नाही. कालव्यावर कुत्री नसतात.

कच्चीवाट
पोल्ट्री आणि वीटभट्टी आहे तिथे कुत्री आहेत, कालव्यावरही. पळणं थांबवायचं, पाठ न दाखवता चालत सरकायचं, दगड उचलायला वाकल्यासारखं करायचं. चावलंच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लस. सोमवारी बघू, असं नाही.

बावधनचा_बावळट
ठीक. शनिवारी नाक्यावर विचारतो. चालू असेल तर सव्वापाच, गोळेवाडी. बंद असेल तर कुडजे, ६५ मिनिटं. ग्रुपला आत्ताच टाकतो.

घाटमाथा
पहिल्यांदाच लांब उतार उतरणाऱ्यांना बुटाची लेस घोट्यापाशी एक भोक वर घेऊन बांधायला सांगा. नाहीतर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

सात_बारा
कुडज्याचा गावनकाशा काढून ठेवला आहे, कोणाला हवा असल्यास सांगा.

अनवाणी
नख काळं पडतं ते बुटामुळेच.