विस्थापितांचं प्रदर्शन आणि पाटीवरचं नाव

रेघ: घर, विस्थापन, आपलेपण अशा विषयांवर लोकांकडून वस्तू मागवून भरवलेली प्रदर्शनं म्हणजे दुःखाचं दुकान, किल्ल्या-गाठोडी मांडली की कला होत नाही, असं काल कातळ यांनी लिहिलं. डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते. जेकब लॉरेन्स या अमेरिकी चित्रकाराने १९४०-४१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांवर ६० चित्रं काढली. त्याचे आईवडील त्याच लोंढ्यातले. प्रत्येक चित्राला साध्या भाषेतला मजकूर. ते दुकान होतं का? ज्यांच्यावर गुजरलं, त्यांच्या घरातूनच ते सांगितलं गेलं, म्हणून कला कमी कशी होते?

कातळ: लॉरेन्स शिकलेला चित्रकार होता हो! ग्रंथालयात बसून अभ्यास केला, मग साठही फलक एकदम घेऊन एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला. कुणाचा हंडा चौथऱ्यावर ठेवण्यात ती मेहनत कुठे आहे? विस्थापितांबद्दल मला आकस नाही. कलेला निकष हवा, एवढंच.

माजघर: निकष राहू द्या, आधी वस्तूखालच्या पाटीबद्दल बोला. आमचं गाव धरणात गेलं. आईने घराचं कुलूप सोबत आणलं, दार तिथेच राहिलं. ते कुलूप एका प्रदर्शनाला दिलं. बघायला गेलो तर खाली लिहिलेलं: 'विस्थापित स्त्रीचं कुलूप. लोखंड.' आईने काचेजवळ वाकून दोनदा वाचलं. म्हणाली, "लोखंडाचं नाव लिहिलंय, माझं नाही." परत मिळालं तेव्हा मागे क्रमांकाचा कागद डकवलेला. तो निघाला, चिकटा अजून बोटाला लागतो.

पैलतीर: आणि नाव नकोच असतं त्यांचं काय? माझ्या आत्याचा फोटो नावासकट लावला. पंचवीस वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं आपण कुठून आलो ते. दुसऱ्या दिवसापासून शेजारी विचारायला लागले, "म्हणजे तुम्ही इथले नाही?" दोन महिने ती जिन्यात कुणाशी बोलली नाही.

माजघर: म्हणून माझ्या आईने बिननावाचं राहायचं? तुमच्या आत्याचा निर्णय आमच्यावर लादू नका.

पैलतीर: लादतंय कोण? नीट वाचा. दोघींनाही कुणी विचारलं नाही, हे म्हणतोय मी.

रेघ: पाटीच नसली की काय होतं तेही बघा. एप्रिल २०१५ मध्ये भूमध्य समुद्रात शेकडो स्थलांतरितांना घेऊन बुडालेली बोट ख्रिस्तोफ ब्युखेलने २०१९ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात ठेवली. शेजारी माहितीचा फलक नाही, जवळच कॉफीची टेबलं. लोक फोटो काढून पुढे. आणि कातळ, तो निकषात बसणारा नावाजलेला कलावंत होता.

कातळ: बोटीचं तुमचं म्हणणं मान्य. हंड्याचं नाही. आयोजक पदरमोड करून राबतात, त्यांना पाटीवरून झोडपणंही मला पटत नाही.

माजघर: पदरमोड केली म्हणून विचारायचं नाही? एक फोन पुरला असता!

पैलतीर: लॉरेन्सने स्वतः १९९३ मध्ये चित्रांखालचा मजकूर बदलला. पन्नास वर्षांनी त्यालाही शब्द बदलावेसे वाटले. एकदा विचारून भागत नाही. आत्याला आज विचारलं तर कदाचित हो म्हणेल.

माजघर: हे पटलं. माझा सूर चढला मघाशी. आईला आत्ताच विचारलं, पुन्हा देशील का कुलूप? म्हणाली, "देईन. पण काय लिहायचं ते मी सांगणार. दाराचंही लिहा."