कोर्तिनाला कोण कुठल्या कड्यावर? ‘आपली मंडळी’ ग्रुपवरची चर्चा

ताई (इन्सब्रुक): मंडळी, प्रत्येकाने मला खासगीत एकच विचारलंय, “मला जमेल का?” म्हणून आता इथेच लिहिते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण कोर्तिना दाम्पेत्सोला. इटलीत, डोलोमाइटच्या डोंगरांत, साधारण १,२०० मीटरवरचं गाव. चारी बाजूंनी उभे कडे. १९५६ ची हिवाळी ऑलिम्पिक इथेच झाली, २०२६ ची मिलानसोबत. या खोऱ्यात व्हिया फेर्राता इतक्या आहेत की आईपासून दादापर्यंत प्रत्येकाला आपल्या जोगती मिळेल. फक्त सगळ्यांनी एकाच वाटेला जायचं नाही, एवढा माझा हट्ट आहे.

मोठे काका: आधी ते व्हिया फेर्राता प्रकरण समजाव. दादा म्हणतो, रतनगडाच्या शिड्यांसारखं असतं.

ताई: शिड्या असतात काका, पण मुख्य गोष्ट म्हणजे पोलादी दोरी. वाट सुरू होते तिथपासून संपेपर्यंत ती कड्यावरून जाते आणि दर काही मीटरवर खुंटीने कातळात पक्की केलेली असते. कातळ गुळगुळीत असेल तिथे पायाला लोखंडी पावठ्या. आपल्या कमरेला हार्नेस, त्याला दोन फांद्यांचा पट्टा, दोन्ही टोकांना कॅराबिनर, म्हणजे आपोआप बंद होणारी धातूची कडी. दोन्ही दोरीत अडकवून चालायचं. खुंटी आली की एक काढायचा, खुंटीच्या पुढे लावायचा, ‘टक्’ असा बंद झालेला ऐकायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम सुटे कधीच नाहीत. दिवसभर हेच करायचं असतं आणि दुपारी थकल्यावर सुद्धा तितक्याच मन लावून करायचं असतं.

आत्या: म्हणजे पाय घसरला तरी लटकून राहणार. मग भ्यायचं कशाला?

ताई: आत्या, नवी माणसं नेमकी इथेच निर्धास्त होतात. कॅराबिनर दोरीवर सरकता असतो. उभ्या भिंतीवर घसरलीस तर तू थेट खालच्या खुंटीपर्यंत जाणार, आणि वर पट्ट्याची लांबी. चार-पाच मीटर सहज. मधे खुंट्या, लोखंडी पावठ्या, कातळाचे कोपरे. जीव वाचेल, पण हाडं मोडू शकतात. दोरी आहे म्हणून पडायला हरकत नाही, असं इथलं कोणीच समजत नाही. हात थकून थरथरायला लागण्याच्या आत थांबायचं, आखूड पट्ट्याने स्वतःला खुंटीला अडकवून विसावा घ्यायचा. आणि वजन पायांवर ठेवायचं. दोरी हाताने ओढत वर गेलात की दंड अर्ध्या तासात भरून येतात.

दादा: अलंग-मदनला वापरलेलं माझं हार्नेस, स्लिंग, कॅराबिनर सगळं कपाटात आहे. दोन स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्ट्यांची वेटोळी, हार्नेसला बांधल्या की झाला सेट. भाडं कशाला भरायचं?

ताई: नको रे दादा, यात अजिबात तडजोड नको. हार्नेस आण, हेल्मेट आण. स्लिंगचा सेट नको. मदनच्या कातळटप्प्यावर वरून कोणीतरी ‘बिले’ देत असतं, म्हणजे तुला बांधलेला दोर सांभाळत असतं. तिथे दोर लांब असतो, ताणतो आणि झटका स्वतः खातो. पडण्याची लांबी भागिले झटका खाणाऱ्या दोराची लांबी, हा आकडा साध्या प्रस्तरारोहणात फार तर २ पर्यंत जातो. फेर्रातावर दोरी पोलादाची, पट्टा मीटरभराचा आणि पडणं पाच मीटरचं. आकडा ५ पर्यंत जातो. न ताणणारी स्लिंग त्या झटक्याला तुटू शकते, आणि नाही तुटली तर तो सगळा झटका तुझ्या कमरेला.

खऱ्या सेटमध्ये एका छोट्या पिशवीत घडी घालून शिवलेली पट्टी असते. झटका बसला की तिचे टाके ओळीने उसवत जातात आणि माणूस हळूहळू थांबतो. एकदा उसवली की तो सेट बाद. २०१२ मध्ये ऑस्ट्रियात वाल्खझेजवळ एका अपघातात सेटच्या दोन्ही इलास्टिक फांद्या तुटल्या. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी सेट परत मागवले आणि युरोपचं मानकही २०१७ मध्ये कडक झालं. म्हणून ओळखीतल्या कोणाचा जुना सेटसुद्धा नको. दुकानातून, नव्या मानकाचा, भाड्याने.

दादा: पटलं. हार्नेस आणि हेल्मेट आणतो.

वहिनी: छोटूचं काय करायचं? नऊ वर्षांचा आहे, वजन २९. त्याने आत्तापासून घरातल्या ग्रिलवर सराव सुरू केलाय 😅

ताई: सेट ४० ते १२० किलोच्या माणसांसाठी बनवतात. २९ किलोच्या पोराच्या वजनाला ते टाके हवे तसे उसवत नाहीत, म्हणजे झटका त्यालाच बसतो. त्यामुळे छोटूला गाइड स्वतःच्या दोराला बांधणार आणि प्रत्येक उभ्या टप्प्यावर वरून बिले देणार. दादा किंवा तू नाही, गाइडच. त्याला घरी एवढंच शिकव की “थांब” म्हटलं की थांबायचं.

मोठे काका: मी ११४. म्हणजे मी बसतो का नाही?

ताई: १२० हा आकडा सामानासकट आहे काका. बूट, हेल्मेट, हार्नेस, पाणी, जाकीट घातलं की तुम्ही अगदी काठावर. शिवाय रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुमच्यासाठी मी लागाझुओई डोंगराचा दिवस ठेवलाय आणि तुम्हाला तो सगळ्यात जास्त आवडेल, कारण सगळा इतिहासच तिथे आहे.

बाबा: मी वाचलं की या वाटा पहिल्या महायुद्धातल्या आहेत.

ताई: काही आहेत. पण लोखंड ठोकायची सुरुवात त्याच्या बरीच आधीची. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन डोंगराच्या वाटेवर १८४३ मध्येच लोखंडी खुंट्या बसवल्या होत्या. डोलोमाइटमधल्या मार्मोलादा शिखराच्या पश्चिम धारेवर १९०३ मध्ये. कोर्तिनाचं म्हणाल तर मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आणि आघाडी नेमकी याच शिखरांवरून गेली. लागाझुओईवर वरच्या अंगाला ऑस्ट्रियाचे सैनिक, मधल्या मार्तिनी पट्टीवर इटलीचे. कोणालाच दुसऱ्याला हलवता येईना, मग दोघांनी डोंगर आतून पोखरला आणि एकमेकांखाली सुरुंग लावले. शेजारच्या तोफानाच्या कास्तेलेत्तोवर ११ जुलै १९१६ ला इटालियनांनी ३५ टन स्फोटकं उडवली. लागाझुओईवर त्यांचा मोठा सुरुंग २० जून १९१७ चा. हिवाळ्यात हिमकडे कोसळून गेलेली माणसंही अगणित. १९१७ च्या शरदात कापोरेत्तोच्या लढाईत आघाडी मोडली आणि इटलीला हे सगळं सोडून मागे जावं लागलं.

काका, फालझारेगो खिंडीतून केबल कारने वर, २,७५२ मीटरवरच्या डोंगरातल्या विश्रामगृहात कॉफी. मग ज्यांना जमेल त्यांनी इटालियन बोगद्यातून खाली. किलोमीटरभर लांब, आत अंधार, ओल्या उंच पायऱ्या, हाताला पोलादी दोरी. हेल्मेट आणि डोक्यावरची बॅटरी हवीच. मधे मधे गोळीबारासाठी पाडलेल्या खिडक्या आहेत, त्यातून खालचा घाटरस्ता दिसतो. गुडघे कुरकुरले तर केबल कारनेच परत या, वरचे खंदक तरीही बघून होतात.

मोठे काका: झालं, माझा दिवस ठरला. कोणी तरी माझ्यासोबत चला मात्र.

आत्या: मी आहे ना सोबत! पण मला खरी फेर्रातासुद्धा करायची आहे हं. कळसूबाईच्या शिड्या मी मागच्या वर्षी गर्दीत चढले आहे.

ताई: तुला, बाबांना, वहिनीला आणि छोटूला आवेराउ. चिंक्वे तोर्रीच्या खुर्ची-पाळण्याने वर, तिथून अर्धा-पाऊण तास चाल, मग छोटीशी फेर्राता आणि २,६४९ मीटरचा माथा. ऑस्ट्रियन पद्धतीत ए सोपी आणि ई महाकठीण, ही बी च्या आसपास. पण सुरुवातीलाच भिंत उभी आहे. आणि उतरायचं त्याच वाटेने. म्हणजे चढणारे आणि उतरणारे एकाच दोरीवर. दोन खुंट्यांच्या मधे एकावेळी एकच माणूस, हे तिथे फार कसोशीने पाळायचं. वरचा घसरला तर तो त्याच टप्प्यातल्या खालच्याच्या डोक्यावर येतो. म्हणून खालच्याने खुंटीपाशी थांबायचं, मागून कितीही घाई होवो.

बाबा: पाऊस?

ताई: उन्हाळ्यात दुपारी गडगडाट ठरलेला. सप्टेंबरमध्ये हवा बरीच स्थिर, पण सकाळी सावलीतल्या दोरीवर बर्फाचा पापुद्रा असू शकतो. विजेच्या वेळी पोलादी दोरीला धरून उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पाळण्याने वर जायचं, दुपारी एकच्या आत खाली. अंदाज मी रोज संध्याकाळी व्हेनेतो प्रांताच्या हवामान खात्याच्या पानावर बघेन, आणि त्यात वादळ असेल तर दुसऱ्या दिवशी बाजारात हिंडायचं. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

बाबा: बरोबर. सह्याद्रीतही तेच. घाटमाथ्यावर ढग जमले की कातळाला हात लावायचा नाही.

दादा: मला थोडं तिखट दे गं. त्या झुलत्या पुलाचा फोटो बघितला मी.

ताई: तो क्रिस्ताल्लोवरचा २७ मीटरचा पूल. वर नेणारी गोंडोला बंद पडल्यापासून तिथवरची चाल खूप वाढली आहे, या वेळी नको. तुला तोफाना डोंगरावरची पुन्ता आन्ना ही वाट. सी-डी, उभी आणि खालची दरी सतत पायात. माझ्यासोबत आणि गाइडसोबत. तू घरी लटकून दंड कमावलेस ते चांगलंच, पण तिथे डोकं शांत राहणं जास्त कामाला येतं.

आणि गाइडवर काटकसर करायची नाही हे मी आत्ताच सांगते. कोर्तिनाची माणसं या कातळावर वाढलेली आहेत. १९३९ मध्ये तिथल्या पोरांनी स्कोयात्तोली नावाचा गिर्यारोहकांचा गट काढला. त्यातलाच लीनो लाचेदेल्ली १९५४ मध्ये के-टूच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचलेल्या दोघांपैकी एक.

आई: तुम्ही सगळे जा. मला उंचीची भीती वाटते हे माहितीये ना? हरिहरच्या पायऱ्यांचा व्हिडिओ बघूनच मला गरगरतं. मी खाली थर्मास घेऊन बसेन.

आत्या: असं काय!

ताई: आई, जबरदस्ती नाही. पण एक ऐक. गावाच्या उत्तरेला फानेसचे धबधबे आहेत. तिथली जोव्हान्नी बार्बारा ही वाट या खोऱ्यातली सगळ्यात सोपी, ए किंवा जरा वर. बरीचशी कातळातल्या पट्टीवरून चालायची आहे, हाताला दोरी. आणि ती पट्टी धबधब्याच्या मागून जाते. समोर पाण्याचा पडदा, त्यामुळे लांबची दरी तुझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. आवाज मात्र एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आधीच खुणा ठरवून घेऊ. रेनकोट घालायचा, भिजायला होतंच. कातळ ओला असतो, म्हणून बुटाचे सोल नवे हवेत.

आई: आणि मधेच नको वाटलं तर?

ताई: तर परत. याच वाटेवर ते सोपं आहे, म्हणून तुझ्यासाठी हीच निवडली. गाइड आधी जमिनीलगत कॅराबिनर बदलायचा सराव घेतो. तेवढं करून तू “नको” म्हणालीस तरी कोणी एक शब्द बोलणार नाही. बाकीच्यांनाही हेच लागू. उभ्या फेर्रातावर अर्ध्यातून उलटं उतरणं चढण्याहून अवघड आणि मागे रांग. म्हणून शंका असेल तर पहिल्या भिंतीपाशीच मागे फिरायचं.

आई: तुझे बाबा बरोबर असतील?

बाबा: तुझ्या मागेच असेन. पुढच्या खुंटीशी गाइड, मागच्या खुंटीशी मी.

आई: मग सराव तरी करून बघते. बाकीचं तिथे.

आत्या: 👏👏👏

वहिनी: विम्याचं कोणी बघितलं का?

ताई: महत्त्वाचं. प्रवास विम्यात साहसी खेळ आणि गिर्यारोहण बऱ्याचदा वगळलेलं असतं, हेलिकॉप्टरने सुटका तर हमखास. पॉलिसीचं बारीक छापलेलं वाचा आणि डोंगरातली सुटका स्पष्ट शब्दांत लिहिलेली असेल तीच घ्या. तिथे मदतीचा नंबर ११२, सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा. बाकी सामान: बोटं उघडी राहणारे हातमोजे, कारण दोरीचे सुटे तंतू तळव्यात घुसतात. घोट्याला आधार देणारे बूट. पाठीवर छोटी पिशवी, तिला बाहेर काही लोंबकळत नको.

मोठे काका: आणि शाकाहारी माणसांनी काय खायचं?

ताई: कासुन्झिएई! बीट भरलेला अर्धचंद्री पास्ता, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. कोर्तिनाचा खास पदार्थ आहे. तरी आत्या, दशम्या आण. वर माथ्यावर दुसरं काही नको वाटतं.

आत्या: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ठरलं.

ताई: गाइडला उद्या मेल करते. प्रत्येकाने आज रात्रीपर्यंत वजन, उंची आणि चालू औषधं मला खासगीत पाठवा. वजन अंदाजे नको, काट्यावरचं.

आई: माझं ६१. सकाळी चहाच्या आधी केलं, चालेल ना?

ताई: चालेल. बुटांचे सोलही बघ आणि त्यांचा फोटो टाक.