पिकासाठी बंदूक: परवाना काढावा का, आणि काढलाच तर कोणत्या हत्याराचा?

बांधावरचा (धागाकर्ता)

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत डोंगराकडेच्या गावांत भुईमूग आणि मका लावायला लोक कचरतात. कारण रानडुक्कर. मग कट्ट्यावर ठरतं, "बंदुकीचं लायसन काढूया." माझं मत असं, की पीकसंरक्षणासाठी परवाना जरूर काढावा. पण बरेच अर्ज चुकीचं हत्यार मागतात आणि तिथेच अडकतात.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३(३) नीट वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजानं ठासून भरायची) मागितली, तर कलम १४ मधलं नकाराचं कारण नसल्यास परवाना द्यावा, अशी तिथली भाषा आहे. ठासणीनं भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर २० इंचांपेक्षा कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे आपली काडतुसाची १२ बोर. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर या तरतुदीत बसत नाहीत, त्यांना वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. भुईमुगाचं कारण लिहून रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याचा हेतू वाचणाऱ्याला लगेच कळतो.

कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी. अर्ज नमुना अ-१ मध्ये, ऑनलाइन भरून. सोबत ओळख, पत्ता, वय (२१ पूर्ण हवं), फोटो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा आणि व्यसन नसल्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पिकासाठी असेल तर सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि आधीच्या नुकसानीचे वनखात्याचे पंचनामे जोडा. पंचनामे नसतील तर "डुकरांचा त्रास आहे" हे नुसतं तुमचं म्हणणं राहतं.

माझी निवड एकनळी किंवा दुनळी १२ बोर. आता बोला.

रानवाट

अर्धीच गोष्ट सांगितलीत. शस्त्र परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची परवानगी. डुक्कर मारण्याची परवानगी वेगळी, वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या कार्यालयातून. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नं शिकार बंद आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला कलम ११ खाली मारता येतं, पण लेखी आदेश हातात आल्यावरच. रानडुकरासाठी आपल्या राज्यात हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलेत, म्हणून अर्ज तिथे द्यायचा आणि पोच घ्यायची.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची गेली आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं. केंद्रानं एखाद्या भागापुरतं आणि ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केलं तर गोष्ट वेगळी. गवा आणि मोर पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत. त्यांच्यासाठी बंदुकीचा विचारही करू नका, पीक कितीही तुडवू देत.

आणि परवानगीनं मारलेलं डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून ते विल्हेवाट लावणार. "मारलं तर निदान जेवण तरी होईल" हा हिशेब डोक्यात असेल तर तो गुन्हाच आहे.

बांधावरचा

कबूल, दोन्ही कागद लागतात. पण वनखात्याचा आदेश आला आणि हत्यारच नसेल तर तो घेऊन करायचं काय? म्हणून शस्त्र परवाना आधी.

रानवाट

राधानगरी तालुक्यातल्या आणि भुदरगडच्या वरच्या अंगाच्या गावांसाठी आणखी एक अडसर आहे. वन्यजीव कायद्याचं कलम ३४: अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. राधानगरी अभयारण्य जुनं, १९५८ पासूनचं, दाजीपूरच्या गव्यांसाठी राखलेलं. शाहूवाडीच्या बाजूला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, तिथेही हाच नियम. आधीपासून बंदूक असलेल्यांनाही या परिघात नाव नोंदवायला लागतं. म्हणजे जिथं त्रास सगळ्यात जास्त, तिथंच परवाना सगळ्यात अवघड. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असं शस्त्र नियम २०१६ म्हणतात. ही संमती मध्ये आली की ते वेळापत्रक कागदावरच राहतं.

भुदरगडी

अवो, पण डुक्कर काय कागद बघून येतंय व्हय? भुईमूग काढायच्या आदल्या राती कळप शिरला की सकाळी नांगरल्यागत रान. पंचनाम्याला माणूस येईपतोर वेलबी वाळत्यात. ठासणी घ्यावी म्हंतो मी. स्वस्त, आणि कायद्यानंच आधी तीच दिलीया.

नेमबाज

भुदरगडी दादा, ठासणी कायद्यात सोपी, पण आपल्या पावसात निरुपयोगी. भुईमूग आणि मक्याचं नुकसान ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन ओलाव्यात. काळी दारू हवेतला ओलावा धरते, ती पेटवणारी टोपी दमट होते. मग चाप ओढल्यावर नुसती टिक, किंवा त्याहून वाईट, उशिरा पेट. टिक झाली म्हणून लगेच नळी वळवून तोंडाकडे बघणारे असतात. नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचं, मगच टोपी काढायची. आधी भरलेली आहे का हे विसरून दुसऱ्यांदा ठासली की नळी फाटते. म्हणून गज आत घालून खोली बघायची आणि भरलेल्या-रिकाम्याची खूण गजावर कायम कोरून ठेवायची. वापरानंतर गरम पाण्यानं धुऊन, सुकवून, तेल. काळ्या दारूची काजळी रातोरात गंज आणते.

ठासणीला वार एकच. तो हुकला आणि डुक्कर जखमी झालं, तर पुन्हा भरेपर्यंत ते उसात. जखमी डुकरामागं उसात शिरणं म्हणजे मांडी फाडून घेणं.

म्हणून १२ बोर दुनळी. पण तीही नीट समजून घ्या:

काडतुसाचा नंबर. सहा नंबरचा छर्रा सुमारे २.६ मिलिमीटरचा, तो पाखरांसाठी. डुकराच्या कातड्यात तो रुततो, मारत नाही. सडून, आठवडाभर तडफडून मरतं ते. बीबी हा त्याहून जाड छर्रासुद्धा नको. एलजी किंवा एसजी, म्हणजे मोजक्या जाड दाण्यांचं काडतूस. एसजीचा दाणा ८.४ मिलिमीटरच्या आसपास.

अंतर. मोकळ्या नळीतून २७ मीटरवर छऱ्यांचा पसारा मीटरभराहून मोठा होतो. डुकराचं काळीज-फुप्फुस खांद्यामागं, वीतभर जागेत. एसजीचे मोजके दाणे मीटरभर जागेत विखुरले तर त्या वितीत किती पडणार? २५ मीटरच्या पुढं मारूच नये. बंदूक घेतल्यावर रेंजवर २५ मीटरवर कागद लावून आपली नळी दाणे कसे टाकते ते बघा. दोन्ही नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली आहे ते, सहसा वेगळा असतो, आणि जाड दाण्यांना घट्ट चोक मानवेलच असं नाही.

कोठी. जुन्या विलायती दुनळीची कोठी, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा अडीच इंचाची असते, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस तिच्यात बसतं, म्हणून लोक फसतात. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचा शिक्का जाणकाराकडून वाचून घ्या. एकाच खिशात १२ आणि २० बोरची काडतुसं कधीच नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढं सरकून अडकतं. मागून बाराचं भरून उडवलं की हात जातो.

भाताच्या बांधावर घसरून नळीचं तोंड चिखलात गेलं, तर तिथल्या तिथं काडतुसं काढून नळीतून पलीकडचं बघा. बोटभर चिखल पुरतो नळी फुगायला.

डोंगरमाथा

नेमबाज, तुमचाच मुद्दा रायफलच्या बाजूनं जातो. छऱ्यानं जखमी करण्यापेक्षा .३१५ सारख्या रायफलची एक गोळी खांद्यामागं लागली तर प्राणी जागेवर पडतो. ज्याला खरंच दया आहे त्यानं रायफल मागावी. केरळनं २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचे आदेश देण्याचे अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांची यादी केली. तसं आपल्याकडे का नको? प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात दुनळी देण्यापेक्षा तालुक्यात दहा पक्के नेमबाज बरे.

नेमबाज

दहा नेमबाजांना माझा विरोध नाही. रायफलला आहे, आणि तो आपल्या जमिनीमुळे. आपल्याकडे वस्त्या रानात विखुरलेल्या, वाड्या टेकाडावर, शेतं दहा-वीस गुंठ्यांची. सहा नंबरचा छर्रा फार तर २०० मीटर जातो. एसजीचा दाणा ६०० मीटरच्या पुढं जाऊ शकतो. रायफलची गोळी काही किलोमीटर. साधी .२२ ची गोळीसुद्धा सव्वा-दीड किलोमीटर जाते. मागं मातीचा उतार किंवा उंच बांध नसेल तर चुकलेली गोळी कुणाच्या गोठ्यात शिरेल सांगता येत नाही. ऊस आडोसा देतो, गोळी अडवत नाही.

त्यात डुक्कर येतं रात्री. शेतीपंपाची थ्री-फेज वीजही कितीदा रात्रीच. तुम्ही बॅटरीच्या उजेडात ज्या हलणाऱ्या पाल्यावर नेम धरताय, तिथं शेजारी वाकून पाण्याची दारं धरत असू शकतो. पूर्ण प्राणी दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागं काय आहे हे दिवसा पाहून ठेवल्याशिवाय चापावर बोट जायलाच नको. मचाणावरून खालच्या कोनात मारलं तर गोळी मातीत जाते, जमिनीवर बसून मारलं तर आडवी.

रायफल रेंजवर शोभते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, ते रायफलवरच. त्या रेंजला मागं भिंत असते.

बांधावरचा

एअरगनचं कुणीच बोललं नाही. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. नुसतं पळवून लावायला चालेल ना?

रानवाट

नाही. परवाना लागत नाही म्हणजे प्राण्यावर चालवता येते असं नव्हे. हत्यार कोणतंही असो, वन्य प्राण्याला इजा करणं हे त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. शिवाय तो छर्रा डुकराला नुसता डिवचतो, आणि माकडाचा डोळा फोडतो. घुशी-उंदरांपलीकडे शेतात त्याचा उपयोग नाही, आणि घुशीला पिंजरा बरा.

माझं मूळ म्हणणं अजून तेच आहे. बंदुकीनं पीक वाचत नाही, एखादं डुक्कर मरतं. कळप पंधराचा, एक पडलं की चौदा शेजारच्या फडात, आणि आठवड्यात परत. ऊसतोड सुरू झाली की फडातला आडोसा जातो आणि कळप उरलेल्या हिरव्या रानावर एकवटतात. त्या दिवसांत तुम्ही किती रात्री मचाणावर बसणार? त्यापेक्षा झटका तार, म्हणजे मशीनमधून विजेचा झटका देणारं तारेचं कुंपण. पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी दोन विती, तिसरी तीन. डुक्कर नाकानं उचलून शिरतं म्हणून खालची तार महत्त्वाची.

भुदरगडी

झटका लावल्याली गावात धा जणांनी. पहिल्या वर्साला चाललं, दुसऱ्या पावसात डुकरं तारंखालनं ये-जा करायल्यात. त्येचं काय?

रानवाट

गवत. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत मुरतो. तारेखालचा पट्टा दर पंधरवड्याला कापावा लागतो. तार टेस्टरनं शेवटच्या टोकाला मोजायची, मशीनजवळ नाही. तिथं पाच हजार व्होल्टच्या खाली आली तर डुक्कर जुमानत नाही. अर्थिंगला एकच सळई ठोकलेली असते, तीन ठोका, अंतर सोडून, आणि उन्हाळ्यात तिथं पाणी घाला. आणि झटका मशीन ऐवजी घरच्या २३० व्होल्टचा आकडा तारेवर टाकणारे जे आहेत, ते रात्री पाणी पाजायला येणाऱ्या माणसाला मारतात. त्याला अपघात म्हणत नाहीत, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

डोंगरमाथा

तार एकराला ठीक. दोन-दोन गुंठ्यांच्या नाचणीच्या पट्ट्यांना कुठं कुठं तार ओढणार? तिथं सामुदायिक तारच हवी, आणि गावात एकमत होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

बांधावरचा

तार आणि बंदूक दोन्ही असू शकतात, मी एकाचाच आग्रह धरलेला नाही. बंदूक घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट मनात धरावी. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. छाननी समितीकडे पीकसंरक्षणाचं कारण देऊन सूट मागता येते, पण लेखी आणि वेळेत. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा, शस्त्रं जास्तीत जास्त दोन. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच टाका. मुदत संपलेल्या परवान्यावर घरात ठेवलेली बंदूक बेकायदा ठरते.

भुदरगडी

आमच्याकडं बऱ्याच घरांत आज्याची ठासणी हाय माळ्यावर. आज्जा जाऊन वर्सं झाली. ती नावावर करून घ्यावी का नवी मागावी?

बांधावरचा

आधी ती माळ्यावरून काढा आणि ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, ते कुणाच्याही नावचं राहत नाही. मग आजोबांच्या परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला, वारसनोंद आणि बाकी वारसांची संमती जोडून एका वारसानं अर्ज करायचा. वडील हयात असतील आणि ७० वर्षांचे झाले असतील, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्या नावावर असेल, तर तेही हयातीत वारस सुचवू शकतात. वारसाला वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण, पोलीस पडताळणी, काहीच चुकत नाही.

नेमबाज

आणि जमा करायला नेण्याआधी ती भरलेली आहे का बघा. गज आत घालून खोली मोजा, तोच गज बाहेरून नळीला लावून ताडा. आत कमी गेला तर हात लावू नका, ठाण्याला कळवा. आज्यानं शेवटची ठासून ठेवलेली दारू कोरड्या माळ्यावर कितीही वर्षं टिकते.