'कॉग्निटिव्ह'ला पेशंटला कळेल असा मराठी शब्द?

परळवाली: एका संशोधनाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. डायलिसिसवर असलेले आणि डोक्याला मार लागून वर्ष उलटून गेलेले असे दोन गट, दोघांचं कॉग्निटिव्ह फंक्शन, म्हणजे लक्ष, आठवण वगैरे, तपासायचंय. मी 'बोधात्मक कार्य' लिहिलं तर एका पेशंटची मुलगी म्हणाली, बोधकथा सांगणार का बाबांना? संमतीपत्र सही करणाऱ्याला कळलंच पाहिजे, पण एथिक्स कमिटीला शब्द भारदस्तही हवा. काय लिहू?

शब्दवेडा: संज्ञानात्मक.

गिरगावकर: ते हिंदी. मराठीत संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव, बास. सरळ 'आकलन' लिहा.

चैत्य: हिंदी कसलं हो? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे बौद्धांचे पाच स्कंध ऐकलेत का कधी? तिथे संज्ञा म्हणजे ओळखणं. इगतपुरीला विपश्यनेला १० दिवस बसून या मग बोलू.

परळवाली: आकलन अपुरं पडतं. हे तपासायची मोका चाचणी ३० गुणांची, त्यात घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायची, १०० मधून ७-७ वजा करायचे, ५ शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगायचे, म्हणजे लक्ष, आठवण, आखणी सगळंच आलं त्यात.

सिस्टर: वॉर्डात कोणी आकलन म्हणत नाही. पेशंट म्हणतात डोकं चालत नाही, सुचत नाही, घरचे म्हणतात भ्रमल्यासारखं करतात. आमच्याकडे एक मामा होते, सगळा जन्म मासळी बाजारात, ७-७ वजा करताना ६५ ला थांबायचं असतं तर हे धडाधड २ पर्यंत खाली गेले, आणि ५ शब्दांतला एक आठवेल तर शपथ! आणि ताई, डायलिसिसच्या मशीनवर असताना चाचणी घेऊ नका हां, तेव्हा गुण कमी पडतात, दुसऱ्या दिवशी घ्या.

गिरगावकर: सरकारी कागदावर 'डोकं चालत नाही' छापणार? उद्या 'येडा झालाय' छापा. भाषेची काही पत आहे की नाही?

वडाळा लोकल: 'बेशुद्ध' चालतं ना तुम्हाला? 'बे' फारसी, 'शुद्ध' संस्कृत, शुद्ध भाषावाल्यांचा सगळ्यात अशुद्ध शब्द :)

गिरगावकर: रुळलेला शब्द वेगळा, मुद्दाम बिघडवलेला वेगळा.

वडाळा लोकल: रुळायच्या आधी तोही कोणीतरी बिघडवलाच असेल की.

परळवाली: बरं, कन्कशनला 'मेंदूला मुका मार' लिहिलंय, ते तरी चालेल?

सिस्टर: एकदम बरोबर. साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही, पण माणूस महिनाभर उजेड आवाज सहन करत नाही. मार खरंच मुका.

शब्दवेडा: मुका म्हणजे न बोलणारा नाही हो, ते मूळ 'मुक्का मार' असणार, ठोशांचा.

चैत्य: काहीही. माझी आजी जिन्यावरून पडली तरी मुका मारच म्हणायची, ठोसा कोणी मारला तिला? रक्त नाही, जखम नाही, म्हणून मुका.

गिरगावकर: मग 'बाळाचा मुका घेतला' यातला मुका कुठला?

परळवाली: अहो, शुक्रवारी पत्रक द्यायचंय मला.

शब्दवेडा: तो मुखावरून आला असणार.

वडाळा लोकल: किंवा घेताना दोघंही गप्प असतात म्हणून.